आफ्रिकेचा आधुनिक इतिहास कुठून वाचायला घ्यावा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही नाशिकला बँकेत नोकरी करता, पदवी वाणिज्य शाखेची आहे, कुठलीही परीक्षा द्यायची नाही. निव्वळ आवड म्हणून आफ्रिकेचा आधुनिक इतिहास नीट समजून घ्यायचा आहे. दीड वर्षात तीन जाडजूड पुस्तकं आणलीत आणि तिन्ही अर्ध्यावर सुटली. ‘घानापर्यंत पोचते तोवर काँगो विसरलेली असते,’ असं तुम्ही लिहिलंय. चोपन्न देश डोक्यात कसे ठेवायचे, सुरुवात बर्लिन परिषदेपासून करावी का, फ्रेंच येत नाही त्याचं काय, आणि एकूण वेळ किती लागेल, असे चार उपप्रश्न.

मी पंचवीसेक वर्षं एम.ए.च्या वर्गाला हा विषय शिकवला. माझं स्वतःचं काम पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं. त्यामुळे पुढचं सगळं त्या किनाऱ्यावरून दिसतं तसं आहे. सेनेगल किंवा अल्जीरियावर काम करणारा माणूस यातलं निम्मं वेगळं सांगेल, आणि तोही बरोबर असेल.

तुमची अडचण स्मरणशक्तीची नाही. नैरोबीतल्या एखाद्या बँक कर्मचाऱ्यानं ‘आशियाचा इतिहास’ नावाचं सातशे पानांचं पुस्तक घेतलं, त्यात पहिल्या प्रकरणात अफूचं युद्ध, दुसऱ्यात सत्तावन्नचा उठाव, तिसऱ्यात जपानचा मेइजी काळ आणि चौथ्यात इराणमधलं तेल आलं, तर त्याच्या हाती काय लागेल? तीच गत तुमची झाली आहे. संपूर्ण खंडाचा इतिहास सांगणारी पुस्तकं बहुधा सगळं वाचून झालेल्या माणसानं लिहिलेली असतात, आणि ती त्याच वाचकाला पचतात. नवख्याला ती रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाटतात. गाड्यांची नावं कळतात, प्रवास घडत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: वर्षभर ‘आफ्रिका’ बाजूला ठेवा. एक देश घ्या.

कुठला, हे तुमच्यावर आहे. परीक्षेसाठी वाचणाऱ्याला मी हा सल्ला दिला नसता. स्पर्धा परीक्षेत वसाहतवाद, निर्वसाहतीकरण, वर्णभेद अशा शीर्षकांवर प्रश्न येतात, तिथे विस्तार लागतो, खोली नाही. प्रबंध लिहिणाऱ्याला मी आधी भाषा शिकायला बसवलं असतं. तुम्हाला दोन्हींची घाई नाही, हे तुमचं भाग्य. फ्रेंच येत नसेल तर पहिला देश इंग्रजी कागदांचा घ्या. कोट-दि-व्हार किंवा माली नंतर बघू. त्या देशाशी तुमचा काही धागा असेल तर उत्तम. मी टांझानिया घेतला होता. तो सर्वांत महत्त्वाचा देश आहे म्हणून नव्हे. मुंबईच्या पुराभिलेखागारात त्याचे कागद सापडले आणि लोकलच्या पासावर संशोधन सुरू करता आलं, इतकं साधं कारण होतं.

आता बर्लिन. १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात चौदा सत्तांचे प्रतिनिधी बर्लिनला बसले, त्यात एकही आफ्रिकी नव्हता. इथवर बरोबर. पण ‘टेबलावर नकाशा पसरून त्यांनी पट्टीनं खंडाच्या सीमा आखल्या’ हे जे आपण शाळेपासून ऐकतो, ते तसं झालं नाही. काँगो खोऱ्यातला व्यापार, काँगो आणि नायजर नद्यांवरची वाहतूक, आणि किनाऱ्यावर नवा ताबा सांगायचा तर तो प्रत्यक्ष दिसला पाहिजे, असे नियम तिथे ठरले. सीमा नंतर दोघादोघांच्या करारांनी, वर्षानुवर्षं घासाघीस करून ठरत गेल्या. केनिया आणि टांझानिया यांच्यामधली रेघ किलिमांजारोपाशी वाकडी होते ना, तिच्याबद्दल व्हिक्टोरिया राणीनं नातवाला डोंगर भेट दिला अशी कथा सांगतात. ती खोटी आहे. ती रेघ १८८६ च्या ब्रिटिश-जर्मन करारात ठरली आणि १८९० च्या कराराने पक्की झाली. बर्लिनपासून सुरुवात केली की आणखी एक नुकसान होतं: गोष्टीतला कर्ता पहिल्या पानापासून युरोपी ठरतो. निदान पन्नास वर्षं मागे जा. टांझानियासाठी म्हणजे १८४० च्या आसपास, जेव्हा ओमानच्या सुलतानानं राजधानीच झांजीबारला आणली होती, बेटावर लवंगेच्या बागा उठत होत्या, आणि न्यामवेझी हमालांचे तांडे हस्तिदंत घेऊन तळ्यांच्या प्रदेशातून किनाऱ्याकडे येत होते. ते आधी डोळ्यांसमोर आलं की मग जर्मन येतात ते एका चालत्या बाजारात येतात, रिकाम्या मैदानात नाही.

देश ठरल्यावर काय वाचायचं? राजे, गव्हर्नर, पक्ष यांच्या याद्या नकोत. माझी सवय अशी की तीन गोष्टींचा माग काढायचा: कर, पीक आणि रूळ. कर कोणी, कशात आणि कशासाठी घेतला. शेतात काय लावायला लावलं. आणि आगगाडी कुठून कुठे गेली. तुम्ही बँकेतल्या आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर उमगेल.

कराचंच बघा. जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे मुख्यतः आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर, १८९८ पासून झोपडीवर कर बसला, घरपट्टी म्हणा हवं तर. दर झोपडीला ३ रुपये. रुपये! जर्मन कंपनीनं १८९० पासून पाडलेल्या नाण्यावर चेहरा कैसरचा आणि नाव रुपयाचं, कारण सगळ्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी रुपयाच चालत होता. एका रुपयाचे ६४ पेसा. स्वाहिलीत आजही पैशाला ‘पेसा’च म्हणतात. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची केनियातली ‘एम-पेसा’ सेवा तुमच्या क्षेत्रातली, ती तुम्हाला माहीत असेलच. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’. असो, शब्दांत रमलो की मी भरकटतो.

तर ३ रुपये. ज्याच्या घरात नाणं नाही, त्यानं ते आणायचं कुठून? मळ्यावर राबून, किंवा विकता येईल असं पीक काढून. कराचा पहिला उद्देश तिजोरी भरणं हा असेल, पण त्याचा परिणाम माणसाला घरातून मजुरीला बाहेर काढणं हा झाला. १९०२ पासून दक्षिण भागात गावागावांत कपाशीची सामाईक शेतं लावली गेली. मुखियांच्या देखरेखीखाली लोकांनी तिथे राबायचं, मोबदला नावापुरता. आपल्याकडे ज्याला वेठ म्हणत तीच ही. आणि ऐन हंगामात स्वतःचं शेत पडून राहायचं.

जुलै १९०५ मध्ये मातुम्बी टेकड्यांमधल्या लोकांनी काय केलं? कपाशीची झाडं उपटली. माजी माजी उठावाची सुरुवात ही अशी. ‘माजी’ म्हणजे पाणी, माजी आमदारातला माजी नव्हे; माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी हसायचंच. किंजिकितिले न्ग्वाले नावाचा एक भगत मंतरलेलं पाणी देई, आणि त्यानं बंदुकीच्या गोळ्यांचं पाणी होतं असा विश्वास होता. जर्मनांनी त्याला ऑगस्टमध्येच फाशी दिलं, तरी उठाव १९०७ पर्यंत चालला, आणि एकमेकांची भाषा न बोलणारे समाज त्यात उतरले. सगळ्या सर्वसाधारण पुस्तकांत हा ‘पाण्याचा’ भाग रंगवून सांगतात. मला विचाराल तर उपटलेली कपाशी त्याहून बोलकी आहे. लोकांना काय खुपत होतं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी हातांनी दाखवलं होतं.

या उठावात किती माणसं गेली? जर्मन सरकारी आकडा ७५,००० चा. नंतरच्या इतिहासकारांचे अंदाज दोन ते तीन लाखांपर्यंत जातात. फरक एवढा का? कारण बहुतेक लोक गोळीनं मेले नाहीत. सैन्यानं उभी पिकं आणि कोठारं जाळली, आणि पुढचं काम दुष्काळानं केलं. लढाईतले मृत मोजणारा कारकून एक आकडा काढतो, ओसाड गावं मोजणारा दुसरा. असे आकडे समोर आले की त्यातला एक निवडून पाठ करू नका. वहीत दोन्ही लिहा, आणि शेजारी कोणी काय मोजलं ते लिहा.

आणि हे आपल्याला कळलं कसं? जर्मन अहवालांत गावकऱ्यांचा आवाज नाही. १९६८ मध्ये दार-ए-सलामच्या विद्यापीठातले विद्यार्थी आपापल्या भागात गेले आणि साठ वर्षांपूर्वीचं आठवणारी म्हातारी माणसं शोधून त्यांनी त्यांच्या मुलाखती टिपल्या. पदवीचे विद्यार्थी, वही-पेन्सिल घेऊन. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी अशा गावोगाव टिपायला हव्यात, असं मला अनेकदा वाटतं. अर्थात त्या मुलाखतींनाही एक रंग आहे. नुकतंच स्वतंत्र झालेल्या देशात, राष्ट्र उभारण्याच्या उमेदीत त्या घेतल्या गेल्या. त्यामुळे ‘सारे एक होऊन लढले’ हा सूर त्यात ठळक उमटला. पुढच्या अभ्यासकांनी गावागावांतले जुने हेवेदावे, जर्मनांकडून लढलेले अस्करी (आफ्रिकी शिपाई), तटस्थ राहिलेले लोक हे सगळं पुन्हा वर काढलं.

पिकाचा दुसरा धागा घायपाताचा. आपल्याकडे बांधावर लावतात तीच जात म्हणा. १८९३ मध्ये एका जर्मन शेतीतज्ज्ञानं अमेरिकेतून हजार रोपं मागवली, त्यातली ६२ जगून पोचली. त्या ६२ रोपांपासून पुढे टांगा बंदराच्या मागे मैलोन्‌मैल मळे उभे राहिले, आणि टांगानिका (पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांकडे आल्यावर या मुलखाला पडलेलं नाव) घायपाताच्या दोराचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक झाला. स्वातंत्र्य मिळालं १९६१ मध्ये, आणि त्याच दशकात नायलॉनच्या दोरानं भाव पाडला. नव्या सरकारच्या आर्थिक अडचणींवर भाष्य करण्याआधी हे ठाऊक हवं.

पण मला सगळ्यात प्रिय आहे ती भुईमुगाची योजना. महाराष्ट्रातल्या वाचकाला ती जितकी चटकन कळते तितकी ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाला कळत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. दुसरं महायुद्ध संपलं, ब्रिटनमध्ये तेल-तुपाची टंचाई, रेशनवर मार्गारीन. लंडनमध्ये ठरलं की टांगानिकात तीस लाख एकरांहून अधिक जमिनीवर यंत्रानं भुईमूग काढायचा. १९४७ मध्ये मध्य भागातल्या कोंग्वा इथे काम सुरू झालं. युद्धातून उरलेले ट्रॅक्टर, बुलडोझर, रणगाड्यांचे केलेले ट्रॅक्टर. गोरखचिंचेचे प्रचंड वृक्ष आणि काटेरी रान उपटता उपटता यंत्रं मोडली. पाऊस बेभरवशाचा, तिथल्या गोगो लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, पण त्यांना विचारलं कोणी? आणि जमीन चिकण. पाऊस थांबला की विटेसारखी भाजून निघायची. आता मला सांगा, वाळलेल्या कडक जमिनीतून शेंग निघते का? आमच्या गावी कुठलाही शेतकरी सांगेल की भुईमूग काढताना वाफसा लागतो, नाहीतर वेल हातात येतो आणि शेंगा मातीतच राहतात. जानेवारी १९५१ मध्ये योजना गुंडाळली तेव्हा सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड बुडाले होते.

‘साहेबाची फजिती’ म्हणून ही गोष्ट सांगितली की श्रोते खूश होतात. मीही सांगायचो. पण अभ्यास म्हणून पाहिलं तर ती १९४५ नंतरच्या वसाहतवादाची गुरुकिल्ली आहे. या काळात सरकार फक्त कर घेत नाही, ते ‘विकास’ करायला निघतं: तज्ज्ञ येतात, आराखडे येतात, बांध घालायची सक्ती होते, गुरं कमी करायचे हुकूम निघतात. शेतकऱ्याच्या दारात सरकार इतक्या वेळा कधीच आलं नव्हतं. आणि ७ जुलै १९५४ ला पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ज्युलियस न्येरेरेंचा टानू पक्ष स्थापन झाल्यावर खेड्यांतून त्याला जो पाठिंबा मिळाला, त्यात या हुकमांबद्दलचा राग मोठा होता. राष्ट्रवाद म्हणजे लंडनला शिकलेल्या चार वकिलांचं काम, ही समजूत इथे गळून पडते. न्येरेरे तर मुळात मास्तर.

इथवर लक्षात ठेवण्यासारखं एवढंच: देश एक, सुरुवात बर्लिनच्या आधी, आणि माग कर-पीक-रूळ यांचा. रुळांबद्दल मी लिहिलं नाही कारण ते तुम्ही स्वतः करायचंय. टांझानियाचा रेल्वे नकाशा घ्या, तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. टांगाहून निघणारा फाटा, दार-ए-सलाम ते किगोमा हा १९०५ ते १९१४ मधला मुख्य मार्ग, आणि १९७० च्या दशकात चीनच्या कर्जानं बांधलेला झांबियाकडे जाणारा १,८६० किलोमीटरचा ताझारा मार्ग वेगवेगळ्या रंगांनी काढा, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या टोकाला काय आहे ते शोधा. एका रविवारचं काम आहे. ताझारा का बांधला हे शोधताना ऱ्होडेशिया (आजचं झिम्बाब्वे), झांबियाचं तांबं आणि शीतयुद्ध हे तिन्ही विषय आपोआप हाती येतील.

आता कागदांविषयी. कुठलाही दस्तऐवज वाचताना मी तीन गोष्टी विचारतो: कोणी लिहिला, कोणाला लिहिला, आणि तो आजवर कशामुळे टिकला. तिसरा प्रश्न लोक विसरतात. केनियातल्या माऊ माऊ उठावाच्या वेळी, १९५२ पासून, छावण्यांत डांबलेल्या लोकांचा जो छळ झाला, त्याबद्दल, त्यातून जिवंत राहिलेल्या वृद्धांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला. त्या दाव्याच्या ओघात २०११ मध्ये उघड झालं की ३७ जुन्या वसाहतींमधून निघताना ब्रिटिशांनी आणलेल्या हजारो फायली इंग्लंडमध्ये हॅन्सलोप पार्क इथे गुपचूप ठेवलेल्या आहेत. पुष्कळ तर निघण्यापूर्वीच जाळल्या होत्या. २०१३ मध्ये सरकारनं ५,२२८ जणांना मिळून सुमारे २ कोटी पौंडांची भरपाई मान्य केली. म्हणजे १९९० मध्ये केनियावर अत्यंत प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याच्या हातीही निम्मे कागद नव्हते. जुनं पुस्तक टाकून द्यायचं नाही. प्रकाशनाचं वर्ष मात्र आधी बघायचं.

माझी एक फजिती सांगतो. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत मी झांजीबारचे कागद वाचत बसायचो. १८४१ पासून झांजीबारला ब्रिटिश वकील, म्हणजे कॉन्सल, होता आणि कित्येक वर्षं त्याचा पत्रव्यवहार मुंबई सरकारशी चाले. त्यात हिंदुस्थानी व्यापाऱ्यांच्या याद्या असत. ‘हिंदी’ असा शब्द दिसला की मी तो सरसकट भारतीय म्हणून मोजत गेलो. सहा महिन्यांनी एका ज्येष्ठ अभ्यासकांनी टिपणं पाहिली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, ‘बनिया कुठे गेले?’ त्या काळच्या झांजीबारी बोलीत ‘हिंदी’ म्हणजे भारतातून आलेले मुसलमान, खोजा-बोहरे वगैरे. हिंदू व्यापारी ते ‘बनियान’. माझा सगळा हिशेब चुकला होता. शब्द ओळखीचा वाटला की तिथेच थांबावं, हे मी त्या दिवशी शिकलो. ‘जमात’ या शब्दाचंही तसंच. १९२५ नंतर ब्रिटिशांनी टांगानिकात स्थानिक मुखियांमार्फत कारभार करायचा ठरवला आणि त्यासाठी प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या जमातीत बसवावा लागला. जिथे एकच प्रमुख नव्हता तिथे तो नेमला. जनगणनेनं आपल्या जातींचं काय केलं हे ज्यानं वाचलंय, त्याला हे ओळखीचं वाटेल. कृपा करून ‘टोळी’ हा शब्द मात्र वापरू नका.

तुम्ही नाशिकच्या म्हणून हे मुद्दाम. शरणपूर रोडवरून तुम्ही रोज जात असाल. त्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनची वसाहत होती आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे ठेवून शिकवत. त्यातला एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचा देह हजार मैलांहून अधिक अंतर चालत किनाऱ्यावर आणणाऱ्या तुकडीत हा होता. झाडावर नाव-तारीख कोरणारा तोच, आणि वाटेतली रोजनिशी लिहिणाराही तोच. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला तो हजर होता. नाशिकला शिकलेली आणखीही मंडळी पुढे मोम्बासाजवळच्या फ्रेरटाउन वस्तीत गेली. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. ज्यांच्या नावानं ती वस्ती, ते बार्टल फ्रेर मुंबईचे माजी गव्हर्नर (हे मात्र आपले माजी). कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या त्या काळातले. १८७३ मध्ये झांजीबारचा गुलामांचा बाजार बंद करणाऱ्या तहामागेही तेच होते, आणि सहाच वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत झुलूंवर युद्ध लादणारेही तेच. गुलामगिरी बंद करणारा हात आणि मुलूख घेणारा हात एकाच माणसाचा कसा, यावर एक महिना घालवला तरी वाया जाणार नाही.

आपल्या लोकांविषयी वाचताना एक पथ्य. युगांडा रेल्वेवर भारतातून नेलेले सुमारे ३२,००० मजूर, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले, १९७२ मध्ये इदी अमीननं ९० दिवसांत हाकलून दिलेले आशियाई, हे सगळं आपण आपल्या बाजूनं वाचतो. ‘दुका’च्या गल्ल्यामागून दिसणारा तो इतिहास खरा आहे, पण समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही इतिहास असतो: कापसाचा भाव कोणी ठरवला, उधारी कोणी लिहिली, दुकान टाकायला कर्ज कोणाला मिळालं नाही. टांझानियात १९७१ मध्ये भाड्यानं दिलेल्या इमारती सरकारजमा झाल्या, त्या बहुतेक आशियाई मालकांच्या. तो अन्याय होता की हिशेब, यावर दार-ए-सलाममध्ये दोन घरांत जेवलो तर दोन उत्तरं मिळायची.

आणि १९६१ ला पुस्तक मिटू नका. आपल्याकडेही इतिहास पंधरा ऑगस्टला संपतो आणि पुढचं ‘राज्यशास्त्र’ होतं. ती सवय इथे नको. ५ फेब्रुवारी १९६७ ची समाजवादाची अरुषा घोषणा, उजामा (न्येरेरेंचा गावकेंद्री समाजवाद), मग १९७३ पासून लाखो लोकांना विखुरलेल्या वाड्यांवरून नव्या गावांत हलवणं, कधी समजावून आणि कधी घरं पेटवून. किलिमांजारोच्या उतारावर कॉफी पिकवणाऱ्या चाग्गा शेतकऱ्यांचा १९३३ पासूनचा सहकारी संघ होता. इथल्या साखर कारखान्यांच्या आधीचा. १९७६ मध्ये सरकारनं सहकारी संघच बरखास्त केले. न्येरेरेंविषयी मला आदर आहे, १९८५ मध्ये ते आपणहून पायउतार झाले हेही खंडात तेव्हा दुर्मीळच. पण ब्रिटिशांच्या भुईमुगाला हसणाऱ्यानं उजामाच्या गावांवरही तितकंच बारीक वाचलं पाहिजे. शेतकऱ्याला न विचारता त्याच्या भल्याचा आराखडा, हे दोन्हीकडे सारखं.

वर्षानंतर दुसरा देश शेजारचाच घ्या: मोझांबिक. पोर्तुगीज येत नसलं तरी गोव्यामुळे तुम्हाला निम्मी वाट माहीत आहे. १९५१ मध्ये पोर्तुगालनं वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली ती गोव्यालाही आणि मोझांबिकलाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं गेलं. फ्रेलिमो ही मुक्तिसंघटना जून १९६२ मध्ये दार-ए-सलामला स्थापन झाली, आणि तिच्या योद्ध्यांची एक छावणी कुठे होती? त्याच कोंग्वाला, भुईमुगाच्या मोडक्या माळावर. स्वातंत्र्य २५ जून १९७५ ला. गोव्यातल्या बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांझा हे फ्रेलिमोचे जवळचे सल्लागार. राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासोबत १९८६ च्या विमान अपघातात गेले. टांगानिकाला स्वातंत्र्य बहुतेक शांतपणे १९६१ मध्ये आणि पलीकडे दहा वर्षं लढून १९७५ मध्ये, असं का, हा प्रश्न घेऊन दोन देश शेजारी ठेवलेत की ‘निर्वसाहतीकरण’ या शब्दाला हाडामांसाचा अर्थ येईल. तिसरा देश फ्रेंच मुलखातला घ्या, तोवर भाषेची भीती उरलेली नसेल.

‘सीमा कृत्रिम म्हणून सगळी भांडणं’ हे उत्तर तुम्हाला वाटेत शंभरदा भेटेल. त्याला एक उलट उदाहरण जवळ ठेवा: सोमालियात भाषा आणि धर्म जवळपास एकच, तरी १९९१ मध्ये राज्य कोसळलं, टांझानियात शंभराहून जास्त भाषा, तो टिकला.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला पाच तास दिलेत तर वर्षात एक देश नीट समजतो. त्यातला रोज अर्धा तास स्वाहिलीला द्या. लिपी रोमन, उच्चार लिहिल्याप्रमाणे, आणि निम्मे पाहुणे शब्द ओळखीचे. ‘युनेस्को’चा मूळ आठ खंडांचा आफ्रिकेचा इतिहास संकेतस्थळावर विनामूल्य आहे. सातवा खंड १८८० ते १९३५ चा, आठवा त्यानंतरचा. तो सलग वाचायला घेऊ नका, नाहीतर चौथं पुस्तक अर्ध्यावर सुटेल. अडलं की उघडायचा. मुंबईला जाणं होत असेल तर विद्यापीठात १९७१ पासूनचं आफ्रिकन अभ्यास केंद्र आहे. तारखा पाठ करू नका. वहीच्या शेवटच्या पानावर जुनी आणि नवी नावं मात्र समोरासमोर लिहा: गोल्ड कोस्ट-घाना, दाहोमे-बेनिन, अप्पर व्होल्टा-बुर्किना फासो. घाना आणि काँगो तुमच्या डोक्यात भांडतात त्यातलं निम्मं भांडण नावांचं आहे.

आणि सुरुवात या रविवारी करायची असेल तर रेल्वेही राहू द्या. कोंग्वाला वर्षाकाठी पाऊस किती आणि कुठल्या महिन्यांत पडतो ते शोधा, मग तुमच्या ओळखीच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो दाखवून विचारा की इथे भुईमूग लावाल का. त्याचं उत्तर मला कळवा.